‘शक्तीच्या गोळ्या’ घेण्यापूर्वी



काकती आणि परिसरात कष्टाची कामे करणाऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. कोणी होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीभर उभे असते, कोणी बेळगावच्या फौंड्रीत, तर कोणी भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेले असते. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या भगिनी मान खाली घालून तासन्‌तास बसतात. अशा घरांत कंबरदुखी, गुडघेदुखी आणि ‘अंगात त्राणच नाही’ ही तक्रार नवी नाही. २००६ साली कर्नाटक-महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा ताप उतरला तरी कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले होते.

अशा दुखण्यावर मग शक्तीच्या गोळ्या, टॉनिक, हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीचा काढा, सांध्यांसाठीची पावडर असे काही ना काही घरात येते. शेजाऱ्याने सांगितले, मोबाईलवर जाहिरात पाहिली, एवढे कारण पुरते. वर आपण म्हणतो, ‘हे काही औषध नव्हे. गुण आला तर आला, नाही तर तोटा काय?’ तोटा होऊ शकतो आणि तो कसा होतो, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. मुख्य मुद्दा एकच आहे : ज्या वस्तूत गुण करण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात अशा पूरक पदार्थांची गणना औषधांत नव्हे, तर अन्नात होते. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१६ चे नियम आहेत. त्यांनुसार डब्यावर ‘आरोग्यपूरक’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असावी लागते, तसेच प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांकही असावा लागतो. आयुर्वेदिक औषधाचा परवाना वेगळा असतो. तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मिळतो. म्हणजे ज्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापले आहे, तोच डबा आपण गुडघेदुखीचे औषध म्हणून विकत आणतो! विद्यार्थ्यांनी घरातील एक डबा हातात घेऊन ही बारीक अक्षरे जरूर शोधावीत.

मुंबईतील गुळवेलीचे प्रकरण

कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. आपल्याकडे तापानंतरचा अशक्तपणा, संधिवात आणि थकवा यांवरही ती घेतात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रुग्णांच्या यकृताला सूज आलेली आढळली. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेले नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातील दुसरी वेल अपायकारक असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढे २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून त्रास जाणवेपर्यंत साधारण दीड महिना गेल्याचे दिसले. ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते, अशा प्रकारचा आजार काही रुग्णांत आढळला.

या वादातून आपण काय घ्यावे? गुळवेल विषारी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पिढ्यान्‌पिढ्या ती वापरात आहे आणि असंख्य लोकांना तिचा त्रास झालेला नाही. परंतु दोन्ही बाजूंचे म्हणणे मान्य केले तरी आपल्यासाठी धडा एकच निघतो. कुंपणावरची वेल ओळखण्यात चूक होऊ शकते. आणि वेल खरी असली तरी थायरॉईड, मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याने ती महिनोन्‌महिने विचारल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे. अश्वगंधेचेही तसेच. ती थायरॉईडच्या कार्यावर परिणाम करू शकते, झोपेच्या गोळ्यांचा अंमल वाढवू शकते आणि क्वचित यकृतालाही बाधते. गरोदरपणात ती टाळावी. डेन्मार्कने तर २०२३ साली पूरक पदार्थांत अश्वगंधा वापरण्यास बंदी घातली.

स्वयंपाकघरातील हळद आणि कॅप्सूलमधील हळद

हळद तर आपल्या घरचीच. जवळच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग तिची कॅप्सूल कशी बाधेल? फरक मात्रेत आहे. हळदीत कर्क्युमिन हा घटक शेकडा सुमारे तीन भाग असतो. भाजीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीतून तो थोडाच मिळतो आणि त्यातलाही फार थोडा रक्तात जातो. कॅप्सूलमध्ये मात्र तो काढून, दाट करून भरतात. शिवाय मिरीचा अर्क घालतात. मिरीतील पिपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात कितीतरी पटींनी अधिक शोषले जाते, हे १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात ही वाढ सुमारे वीसपट होती. कॅप्सूलची ताकद त्यातच आहे आणि धोकाही त्यातच. हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक रुग्ण दगावला. आमटीतल्या हळदीचे भय बाळगण्याचे कारण नाही. कॅप्सूल मात्र हळदीसारखी समजू नये.

जीवनसत्त्वेही जास्त होतात

ड जीवनसत्त्व : हे कमी पडले तर हाडे दुखतात, हे खरे. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आहे. बाजारातील एका पुडीत ६०,००० युनिट असतात, म्हणजे शंभर दिवसांची गरज. म्हणूनच डॉक्टर ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. आठवड्याची पुडी रोज घेतली, किंवा गुण आला म्हणून वर्षभर चालू ठेवली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ आणि गंमत म्हणजे पुन्हा थकवाच! पुढे मूत्रपिंडांना इजा होते. हे जीवनसत्त्व चरबीत साठत असल्याने गोळी बंद केल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही.

ब-६ : ‘ब जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीतून निघून जाते’ असा समज आहे. ब-६ च्या बाबतीत तो पुरा पडत नाही. मोठी मात्रा अनेक महिने घेतली तर मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मुंग्या येतात म्हणून गोळी घ्यायची आणि गोळीनेच मुंग्या वाढायच्या, असे चक्र सुरू होते. युरोपातील अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ साली मोठ्या माणसासाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली. आपल्या डब्यावर किती आहे ते पाहा.

कॅल्शियम आणि लोह : कॅल्शियमने बद्धकोष्ठ होतो; मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ते विचारूनच घ्यावे. लोहाने मळमळ होते आणि शौच काळसर होते. हा काळा रंग निरुपद्रवी आहे. मात्र लोह सुरू नसताना, किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असताना डांबरासारखे चिकट काळे शौच झाले, तर पोटात रक्तस्राव असू शकतो. तेव्हा वेळ दवडू नये.

पुडीत दडलेले औषध

‘एका पुडीत गुडघे मोकळे’ असा लगेच चमत्कार दिसला तर आनंदाआधी शंका यावी. अशा काही पुड्यांत स्टेरॉईड किंवा वेदनाशामक गुपचूप मिसळलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०२२ साली ‘आर्ट्री किंग’ या सांधेदुखीवरील पूरकात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडले. डब्यावर दोहोंचा उल्लेख नव्हता. स्टेरॉईडने सुरुवातीला दुखणे थांबते, भूक लागते, हुशारी वाटते. पुढे चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या देखरेखीखालीच सोडावी.

एकमेकांशी न पटणाऱ्या गोळ्या

आजी-आजोबांच्या डब्यात सहा-सात प्रकारच्या गोळ्या असतात. थायरॉईडच्या गोळीबरोबरच कॅल्शियम किंवा लोह घेतले, तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. सांध्यांसाठीचे ग्लुकोसामाइन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवू शकते. हे ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, हे माळकरी मंडळींनी लक्षात ठेवावे आणि हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. त्याचा उपयोग तरी किती? २००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, गुडघेदुखीच्या सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता, औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही.

शाळेतील लोहाची गोळी

हे वाचून कोणी शाळेतील गोळी फेकून देऊ नये! राष्ट्रीय कार्यक्रमात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. मात्रा ठरलेली, आठवडा ठरलेला आणि कारणही पक्के. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोळी जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये. घरातील लोहाच्या गोळ्या मात्र लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. गोड समजून मूठभर खाल्ल्या, तर बालकाच्या जिवावर बेततात.

मग करावे काय?

थकवा हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. त्यामागे रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग, ब-१२ ची कमतरता किंवा अपुरी झोप असू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते. अशा वेळी टॉनिक बदलत बसण्यापेक्षा रक्ताची एक तपासणी अधिक उपयोगी पडते. कारण न शोधता शक्तीची गोळी घेणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून खाली भांडी मांडणे होय.

आम्ही आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाही. उलट, आपल्या बेळगावातच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे आणि आपल्या परंपरेतील औषधांचा शास्त्रीय अभ्यास हाच तिचा विषय आहे. परंपरेचा मान तपासून घेण्यातच आहे. वैद्यही नाडी पाहून, प्रकृती पाहून मात्रा ठरवतात. जाहिरात मात्र सर्वांना एकच मात्रा सांगते.

पालकांनी एवढे अवश्य करावे :

१) दवाखान्यात जाताना घरातील सर्व गोळ्या, काढे, पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. ‘हे तर घरगुती’ म्हणून काही लपवू नये.

२) एका वेळी एकच नवे पूरक सुरू करावे. तारीख लिहून ठेवावी आणि किती दिवस घ्यायचे ते आधीच विचारावे.

३) डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज, मुंग्या, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

४) औषधाचा दुष्परिणाम झाल्यास देशाच्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवता येते.

विद्यार्थ्यांसाठी या महिन्याचा उपक्रम : आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या गोळ्यांचा तक्ता तयार करा. गोळीचे नाव, घटक, मात्रा, कोणी सांगितली आणि कधीपासून चालू आहे, असे पाच रकाने पाडा. तो तक्ता त्यांच्या पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती पडला, तर एखाद्या घरातील मोठे दुखणे टळेल. विश्वस्त मंडळींनीही पालक सभेत या विषयाला थोडा वेळ द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.