कुंडल रोड व किर्लोस्करवाडी : एका स्थाननामाचा विचार

ताम्रपटांतील ग्रामनामांचा निर्णय करण्यांत आपण जितके श्रम घेतों, त्यांच्या शतांशानेंही लक्ष आगगाडीच्या स्थानकांच्या नांवांकडे देत नाहीं. वस्तुतः विसाव्या शतकांतील पत्रें, पावत्या व मासिकें यांचा संग्रह करणारास हीं नांवें कालनिर्णयाचें एक साधन होत. पुणें-मिरज मार्गावरील किर्लोस्करवाडी हें लहानसें स्थानक याचें चांगलें उदाहरण आहे.

या स्थानकाचें पूर्वींचें नांव 'कुंडल रोड'. लोहमार्ग गांवास न शिवतां दुरून जातो, तेव्हां जेथून गांवाची वाट धरावयाची त्या स्थानकास गांवाचें नांव देऊन पुढें 'रोड' हें पद जोडण्याचा प्रघात आहे. देहू रोड, नाशिक रोड हीं नांवें याच जातीचीं. अर्थात् 'कुंडल रोड' हें गांवाचें नव्हे, गांवाच्या वाटेचें नांव होय.

इ. स. १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं या स्थानकाजवळचा ओसाड माळ त्यांस दिला. तेथें नांगरांच्या कारखान्याभोंवतीं जी वसाहत झाली ती किर्लोस्करवाडी. संस्कृत 'वाटी', म्हणजे कुंपण घातलेली जागा, या शब्दांतील टकाराचा डकार होऊन 'वाडी' सिद्ध होतो. उघड्या माळावर आंखून वसविलेल्या वस्तीस तें नांव अन्वर्थक आहे. पुढें स्थानकानेंही वसाहतीचेंच नांव घेतलें.

संग्राहकांनीं यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. 'किर्लोस्करवाडी' हें स्थलनाम मूळ मजकुरांतच असलेला कागद १९१० पूर्वींचा असूं शकत नाहीं; त्यावर त्याआधींची मिति असल्यास ती संशयित मानावी. उलटपक्षीं, केवळ 'कुंडल रोड' या उल्लेखावरून कागद १९१० पूर्वींचा ठरत नाहीं. कारण वसाहत झाली त्याच क्षणीं स्थानकाचें नांव पालटलें नाहीं. तिसरें, नुसतें 'कुंडल' म्हणजे स्थानक नव्हे. तें जुनें गांव आपल्या नांवानिशीं आजही नांदत आहे.

सूची करतांना 'कुंडल रोड' व 'किर्लोस्करवाडी' हीं स्थानकनामें निरनिराळीं धरलीं तर एका स्थानकाचीं दोन होतात. आणि 'कुंडल' व 'कुंडल रोड' एक मानलीं तर दोन स्थळांचें एक होतें. फलकावरून कुंडलचें नांव गेलें. तें आपल्या सूचींतून तरी जाऊं नये, एवढीच विनंति.