मायणीचे रोहित कुठे गेले?

मुलांनो, औंधला सहल आली की यमाईचा डोंगर चढायचा, संग्रहालयातली चित्रं पाहायची आणि गाडी माघारी! यंदा थंडीत थोडं पुढे, वडूजवरून मायणीला जा. खटाव तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. उघडे माळ, ज्वारी-बाजरी, मेंढरं. अशा ठिकाणी पाण्यात पाय सोडून उभ्या असलेल्या बाभळी पाहिल्या की नवल वाटतं. इंग्रजांच्या काळात बांधलेला हा तलाव. फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात, दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखे!

आमच्या चौथीच्या वर्गाने आधी ओळखला तो वारकरी. काळं अंग आणि कपाळी पांढरा टिळा. (नाव ठेवणाऱ्याला पंढरीची वाट ठाऊक असणार.) मग हळदीकुंकू बदक दिसलं. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपका. नाव वेगळं शिकवावंच लागलं नाही.

"बाई, रोहित कुठायत?" एकीने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. मायणीची ख्याती रोहितांमुळेच झाली. पण अलीकडे ते बऱ्याचदा येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या तलावांवर उतरतात. का बरं? त्याचं उत्तर त्यांच्या जेवणात आहे.

रोहित मान वाकवून, डोकं उलटं करून जेवतो. चोचीत चिखलपाणी घेतो, जिभेने ते बाहेर ढकलतो आणि चोचीतल्या गाळणीत शेवाळ, बारीक किडे, कोळंबीसारखे जीव अडकतात. या खाण्यातल्या रंगानेच पिसं गुलाबी होतात. पिल्लं राखाडी असतात. आता उभा रोहित साधारण तुमच्याच उंचीचा. त्याला पाय टेकवून जेवता येईल असं उथळ पाणी आणि मऊ चिखल हवा. तलाव तुडुंब भरला तर चोच तळाला पोचत नाही. आटला तर खायला काही उरत नाही.

इथेच खरी अडचण आहे. शेतकऱ्याला तलाव काठोकाठ हवा, रोहिताला उथळ. दुष्काळ सोसलेल्या माणसाला 'पाणी कमी ठेवा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून एकच तलाव राखून भागत नाही. एक भरलेला असेल तेव्हा दुसरा उथळ असू शकतो. २०२१ मध्ये मायणीसह परिसरातले तलाव मिळून 'संवर्धन राखीव क्षेत्र' झालं, ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं. कायद्याप्रमाणे अशा क्षेत्राच्या समितीत गावच्या ग्रामपंचायतीचाही माणूस असतो. म्हणजे पाण्याचं बोलणं गावासमोरच होणार.

पालकांनो, पहाटेच निघा. ऊन चढल्यावर पाण्याची चमक डोळ्यांत जाते. भडक कपडे नकोत. दुर्बीण असेल तर उत्तमच. आणि फोटोसाठी थवा उडवू नका हं! उथळ चिखल मोजकाच असतो. तिथून उठवलं, तर त्यांना दुसरं ताट कुठे मिळायचं?