फरशी ठेकेदारांचा आरोग्य विमा आणि आयकरातील वजावट

कोल्हापूर शहराच्या कडेने कळंबा, पाचगाव, उचगाव या भागांत घरांची मोठी वाढ झाली आहे. प्रत्येक नव्या घरात शहाबादी, कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाईड फरशी बसवणारा मिस्त्री लागतोच. यांपैकी बरेचजण आधी दुसऱ्याच्या हाताखाली काम करतात आणि हात बसला की चार माणसे सोबत घेऊन स्वतः ठेके घेऊ लागतात. ही प्रगतीच आहे. परंतु स्वतःचा धंदा म्हटला की आजारपणाची रजा नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही आणि दवाखान्याच्या बिलाला हातभार लावणारा मालकही नाही.

कारखान्यातील कामगारांसाठी आपल्या देशात राज्य कामगार विमा योजना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. पुढे १९४८ साली त्याचा कायदा झाला. मात्र ही योजना पगारी कामगारासाठी आहे. स्वतःच ठेका घेणारा मिस्त्री तिच्या बाहेर राहतो. त्याला आपली सोय आपणच करावी लागते.

ही सोय का हवी, हे कामाच्या स्वरूपावरूनच कळते. दिवसभर गुडघ्यावर बसून गुडघे आणि कंबर झिजते. ओल्या सिमेंटने हातांची कातडी जाते. ग्रॅनाइट व व्हिट्रिफाईड फरशी कोरड्या कटरने कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुफ्फुसात साठली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

वजावट म्हणजे काय?

आरोग्य विम्याचा विषय निघाला की एजंट सांगतो, ‘पॉलिसी घ्या, टॅक्स वाचेल.’ हे कितपत खरे आहे ते आता पाहू.

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डी प्रमाणे स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांच्या विम्याच्या हप्त्यापोटी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा होते. आईवडिलांच्या हप्त्यासाठी आणखी २५,००० रुपये, आणि ते साठ वर्षांवरील असल्यास ५०,००० रुपये वजा होतात. आईवडील अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट नाही. साठ वर्षांवरील आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही ५०,००० च्या मर्यादेत धरता येतो. आरोग्य तपासणीचे ५,००० रुपये याच मर्यादेत येतात. हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही. चेक, बँक किंवा यूपीआयने भरावा. फक्त तपासणीचा खर्च रोखीने चालतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ही वजावट कायम आहे.

येथे एक मोठी मेख आहे. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२३-२४ या वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात या वजावटीला जागा नाही. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी पद्धत हवी असल्यास विवरणपत्राच्या मुदतीत वेगळा अर्ज द्यावा लागतो. एकदा जुनीत जाऊन पुन्हा नवीत आले की सहसा परत जुनीत जाता येत नाही. तेव्हा निवड विचारपूर्वक करावी.

दोन उदाहरणे

समजा, एका ठेकेदाराचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न ८ लाख रुपये आहे. तो स्वतःचा व वृद्ध आईवडिलांचा मिळून ७५,००० रुपये हप्ता भरतो आणि आयुर्विमा वगैरेत दीड लाख गुंतवतो. जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न ५,७५,००० रुपये राहते आणि उपकरासह २८,६०० रुपये कर येतो. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य आहे. म्हणजे वजावटीच्या मोहाने जुनी पद्धत घेतली तर २८,६०० रुपये नाहक जातात.

दुसऱ्या ठेकेदाराचे उत्पन्न १४ लाख आहे. नव्या पद्धतीत त्याला ९३,६०० रुपये कर लागतो. जुन्या पद्धतीत कर याहून कमी यायचा असेल, तर सर्व वजावटी मिळून ५,१२,५०० रुपयांच्या वर जायला हव्यात. दीड लाखाची गुंतवणूक, घरकर्जाचे दोन लाख व्याज आणि विम्याचे ७५,००० धरले तरी बेरीज ४,२५,००० च भरते.

या हिशेबाचा अर्थ असा की आपल्या बहुतेक ठेकेदार बांधवांना हप्त्यामुळे करात काहीच वाचत नाही. पण म्हणून विमा सोडून देणे ही दुसरी चूक ठरेल. विमा आजारासाठी घ्यायचा असतो. कर वाचला तर तो वरचा लाभ समजावा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. हा लाभ कर भरणाऱ्याला व न भरणाऱ्याला सारखाच मिळतो.

धंद्याचा खर्च दाखवता येतो का?

स्वतःच्या विम्याचा हप्ता हा घरखर्च आहे, तो धंद्याच्या खर्चात धरता येत नाही. नोकरीवर ठेवलेल्या कामगारांचा आरोग्य विमा उतरवून हप्ता बँकेतून भरला, तर तो धंद्याचा खर्च धरला जातो. परंतु ठराविक टक्केवारीने नफा दाखवण्याची, म्हणजे १९६१ च्या कायद्यातील कलम ४४ एडी ची सोय घेणाऱ्यांना कोणताच खर्च वेगळा दाखवता येत नाही. या सोयीत बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात.

कर लागत नसला तरी विवरणपत्र जरूर भरावे. बिल्डर किंवा कंपनी ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का कर कापते. ती रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. बँकेचे कर्ज मागतानाही हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

पॉलिसी घेताना

अर्जात कामाचे खरे स्वरूप, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूची सवय यांतले काहीही लपवू नये. लपवलेली गोष्ट नेमकी बिलाच्या वेळी बाहेर येते. आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. हप्ता चुकवून पॉलिसी बंद पडली तर काढलेली वर्षे वाया जातात. म्हणून प्रकृती चांगली असतानाच विमा घ्यावा आणि दरवर्षी मुदतीआधी हप्ता भरावा. वर्षाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. फरशी कापताना पाणी सोडावे आणि तोंडाला धूळ रोखणारा मास्क लावावा. हे कोणत्याही पॉलिसीहून स्वस्त आहे.

ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व रेशनकार्डधारकांना खुली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरवून दिलेले उपचार मोफत मिळतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, याची चौकशी करता येते. तसेच बँक खात्यातून वर्षाला २० रुपये देऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २ लाखांचा अपघात विमा मिळतो.

ठेकेदार बांधवांना आणखी एक विनंती. आपल्या हाताखालचा माणूस वर्षात ९० दिवस बांधकामावर राबला असेल तर तो बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीस पात्र ठरतो. त्यासाठी ९० दिवस कामाचा दाखला लागतो. तो देण्यास टाळाटाळ करू नये. आपणही कधीकाळी दुसऱ्याच्या हाताखाली राबलो आहोत.

वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांनी हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. घरी वडील, काका किंवा मामा या धंद्यात असतील तर त्यांची बिले, बँकेचे पासबुक आणि पॉलिसी समोर घेऊन दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहावा. पॉलिसीची पुढील हप्त्याची तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.