वृद्ध स्त्रियांच्या पाठीचा बाक व ताणचिकित्सेची दिशा

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, निंदणी व कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांकडेच असतात. ती पुढे वाकून अथवा उकिडवे बसून करावयाची असतात. साठी ओलांडलेल्या स्त्रीच्या पाठीस पोक आलेला पाहून ‘जन्मभर वाकली, म्हणून पाठ वाकली’ असे सहज म्हटले जाते. हे निदान अगदीच चूक नव्हे. परंतु ते अपुरे आहे आणि उपचार ठरविताना हे अपुरेपण महाग पडते.

वक्षभागातील कण्यास स्वभावतःच सुमारे २० ते ४० अंशांचा बाक असतो. वयोमानाने, विशेषतः स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर, तो वाढतो. छातीचे स्नायू आखडतात, पाठ ताठ धरणारे स्नायू दुर्बल होतात, आणि अस्थिसुषिरतेमुळे मणक्यांचा पुढील भाग चेपला जाऊ शकतो. हे शेवटचे कारण ताणाने दूर होणारे नाही. मणका चेपल्याचे पुष्कळदा रुग्णास कळतही नाही. ‘उसण भरली’ म्हणून लेप लावून ती पुन्हा कामास लागते.

बाकाचा परिणाम पाठीपुरता राहत नाही. हात पूर्ण वर नेताना १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातून व ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून मिळतात, असे इन्मन व त्याच्या सहकाऱ्यांच्या १९४४ मधील अभ्यासापासून मानले जाते. खवाटा बरगड्यांवरून सरकतो. हा पिंजराच पुढे कलला की त्याची वाट अडते. मग फडताळातील डबा काढणे किंवा अंबाडा घालणेही अवघड होते.

यास्तव ताण कोणत्या दिशेने द्यावयाचा हाच मुख्य प्रश्न होय. व्यायाम म्हटला की पायाचे अंगठे धरावयास सांगण्याची आपल्याकडे रूढी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सिनाकी व मिकेल्सन यांनी १९८४ मध्ये अस्थिसुषिरता झालेल्या ५९ स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के, तर केवळ पुढे वाकणाऱ्या गटात ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नवी इजा आढळली. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होते. गट लहान होते, पुढे वाकणाऱ्या तर अवघ्या नऊच. तथापि इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उपचारास साधने फारशी लागत नाहीत. गोधडीची गुंडाळी पाठीच्या वरच्या भागाखाली घेऊन, गुडघे दुमडून उताणे निजावे व हात बाजूंस पसरावे. डोके मागे लोंबत असल्यास खाली उशी द्यावी. दाराच्या चौकटीस कोपरापुढील हात टेकून छाती हळूहळू पुढे न्यावी. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, दोर व खुर्ची यांचा आधार योगासनांत रूढ केला, तोही याच जातीचा. वृद्धांत ताण ३० ते ६० सेकंद टिकविणे इष्ट. हिसका मुळीच नको. जोडीस पाठीच्या स्नायूंचे बलवर्धन हवेच, अन्यथा मोकळी झालेली छाती पुन्हा मिटते.

तरुणपणीच्या उंचीत सुमारे ४ सेंटिमीटर घट झाली असल्यास प्रथम क्ष-किरण तपासणी करावी, असा संकेत आहे. खेड्यातील वृद्धेची तरुणपणीची उंची बहुधा कोठे नोंदलेलीच नसते. अशा वेळी तिला भिंतीस टाचा व पाठ टेकून उभे करावे आणि डोक्याची मागील बाजू भिंतीपासून किती दूर राहते ते मोजावे. अंतर राहिल्यास, अथवा पाठीत एकाएकी कळ आल्याचा इतिहास असल्यास, तपासणीपूर्वी ताण देऊ नये.