जिवाणूंची वसाहत

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका द्राक्षे आणि बेदाणे यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे पाऊस कमी पडतो. म्हणून द्राक्षबागांना ठिबक सिंचनाने पाणी देतात. कधी कधी पंप चालू असतो, नळीत पाणी असते, पण एखाद्या तोटीतून थेंबही पडत नाही. त्या जागची वेल सुकू लागते. अशी नळी उघडून पाहिली, तर आत बोटाला बुळबुळीत थर लागतो. हा थर बहुधा जिवाणूंची वसाहत असते. शास्त्रज्ञ तिला 'जैवपटल' म्हणतात.

जिवाणू अतिशय लहान असतात. एक मिलिमीटर लांबीत सुमारे पाचशे जिवाणू सहज बसतात. अनेक जिवाणूंना बारीक शेपटीसारखा तंतू असतो. तो गरगर फिरवून ते पोहतात. काही जिवाणू आखूड तंतू पुढे टाकतात, चिकटवतात आणि आखडून घेत पुढे सरकतात. ज्यांना स्वतः हलता येत नाही, असे काही जिवाणू पोहणाऱ्यांना चिकटून प्रवास करतात!

नळीची भिंत मिळाली, की ते तेथे चिकटतात आणि चिकट पदार्थ तयार करतात. मग इतर जातींचे जिवाणूही तेथे राहायला येतात. एकाने टाकलेला पदार्थ दुसऱ्याचे अन्न होतो. वरचे जिवाणू ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही, ते खाली सुखाने राहतात. जिवाणू विशिष्ट रसायने सोडून एकमेकांना जणू निरोप देतात. संख्या पुरेशी वाढली, की सगळे मिळून काम करू लागतात. अन्न कमी पडले, तर काही जण वसाहत सोडून पाण्याबरोबर नवी जागा शोधतात.

आपल्या दातांवरचा पिवळसर थरही अशीच वसाहत आहे. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी 1683 साली दातांवरच्या थरातील सूक्ष्म जीवांचे वर्णन पत्राने कळवले होते.

चिकट थर जिवाणूंचे औषधापासून रक्षण करतो. वरचे मेले, तरी आतले वाचतात. म्हणून एकदा क्लोरीन सोडून भागत नाही. शेतकरी पाणी गाळून घेतात, नळ्यांची टोके उघडून त्या धुतात आणि ठरावीक काळाने क्लोरीनचे पाणी सोडतात. दातही म्हणूनच रोज घासावे लागतात.

मात्र सर्वच वसाहती वाईट नसतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत दगडांवर वाढलेले असेच थर घाण खाऊन पाणी स्वच्छ करतात.