गाडीचे वजन आणि रस्त्याची ताकद

धानाची मळणी आटोपली की लाखांदूरच्या रस्त्यांना उसंत नसते. कुणाचे धान साकोलीकडे निघते, कुणाचे पवनीकडे, तर कुणाचे वैनगंगा ओलांडून वडशाला जाते. रेतीच्या गाड्याही धावत असतात. ट्रक भरत येतो. ताडपत्री ओढायची वेळ होते. तेवढ्यात मालक म्हणतो, “भाऊ, अजून जागा आहे ना? टाक पन्नास-पाऊणशे कट्टे. तेवढ्यानं काय होते?”

ड्रायव्हर मान हलवतो. पोट त्याच्या हातावर आहे. नाही म्हटले तर उद्या दुसरा ड्रायव्हर उभा राहील.

तेवढ्याने काय होते, हेच आज आम्ही सांगणार आहोत.

गाडी किती भरावी?

प्रत्येक गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे लिहिलेले असतात. एक रिकाम्या गाडीच्या वजनाचा. दुसरा भरल्या गाडीच्या जास्तीत जास्त वजनाचा. दुसऱ्यातून पहिला वजा करा. जे उरेल तेवढाच माल भरता येतो.

समजा, भरल्या गाडीची मर्यादा 18,500 किलो आहे आणि रिकामी गाडी 6,500 किलोची आहे. मग माल झाला 12,000 किलो. चाळीस किलोचा एक कट्टा धरला तर 300 कट्टे. वर 75 कट्टे टाकले की 3,000 किलो, म्हणजे तीन टन जास्त झाले.

रेतीचे गणित आणखी फसवे आहे. एक ब्रास कोरडी रेती साधारण साडेचार टन भरते. तीन ब्रास टाकली तर साडेतेरा टन. म्हणजे याच गाडीत दीड टन जास्त झाले. रेती ओली असली तर त्याहूनही अधिक. डाला पुरता भरलेला दिसत नाही, पण मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून जागेवर जाऊ नये, वजनावर जावे.

रस्ता कसा मोडतो?

बैलगाडीला जशी आस असते, तशा ट्रकलाही आसा असतात. ड्रायव्हर मंडळी तिला एक्सल म्हणतात. गाडीचा सगळा भार आसांवरून चाकांवर आणि चाकांवरून रस्त्यावर येतो. म्हणून कायद्याने प्रत्येक आसेची मर्यादा ठरवली आहे. मागे चार चाके असलेल्या एका आसेला पूर्वी 10,200 किलोची मर्यादा होती. 2018 साली सरकारने ती 11,500 किलो केली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वजन दुप्पट झाले तर रस्त्याची खराबी दुप्पट होईल, असे आपल्याला वाटते. पण तसे होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात याची मोठी परीक्षा घेतली गेली. मुद्दाम वेगवेगळे रस्ते बांधले. सैन्यातल्या ड्रायव्हरांनी त्यांवर कमीजास्त वजनाचे ट्रक दोन वर्षे फिरवले. तेव्हा दिसून आले, की आसेवरचे वजन दुप्पट केले तर रस्त्याची खराबी सुमारे सोळा पट होते! दहा टनांच्या जागी बारा टन घातले, तरी खराबी जवळजवळ दुप्पट होते.

आधी बारीक चीर पडते. तिच्यात पावसाचे पाणी मुरते. खालची माती मऊ होते आणि खड्डा पडतो. मग त्याच खड्ड्यातून बाळंतिणीला दवाखान्यात न्यावे लागते. त्याच रस्त्याने पोरे सायकलवर शाळेत जातात.

गाडीचेही नुकसान होते. पाटे तुटतात, टायर फुटतात. सर्वांत वाईट म्हणजे ब्रेक मारला तरी गाडी लवकर थांबत नाही.

पाटी वाचा

काही जुन्या पुलांजवळ आणि अरुंद रस्त्यांच्या तोंडाशी पाटी असते. गोल पाटी, लाल कड, आत टनांचा आकडा. याचा अर्थ, एवढ्याहून जड गाडी पुढे नेऊ नये. गाडी आपल्या पुस्तकाप्रमाणे भरलेली असली तरी येथे पाटीचाच आकडा मानावा लागतो. लांबचा रस्ता धरावा लागला तरी धरावा. पूल खचला तर ड्रायव्हरचा जीव जाईल आणि मागच्या गावांची वाटही तुटेल.

दंड किती?

मोटार वाहन कायद्यात 2019 साली बदल झाला. त्याप्रमाणे जास्त वजनाला 20,000 रुपये दंड आहे. शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये. वरच्या उदाहरणात तीन टन जास्त होते. म्हणजे दंड झाला 26,000 रुपये! पाऊणशे कट्ट्यांचे भाडे किती मिळाले असते, ते तुम्हीच मोजा.

दंड भरला म्हणजे गाडी तशीच पुढे नेता येते का? नाही. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 साली हे स्पष्ट केले. उतरवण्याचा खर्च आपला, मालाची जोखीमही आपली. अवकाळी पाऊस आला तर रस्त्याच्या कडेला धान भिजते.

गाडी थांबवली नाही, वजन करू दिले नाही किंवा वजनाआधी माल उतरवला, तर दंड 40,000 रुपये आहे. ड्रायव्हरचा परवानाही काही काळ बंद होऊ शकतो. परवाना बंद म्हणजे घरची चूल बंद.

दोष एकट्या ड्रायव्हरचा का?

पकडला जातो ड्रायव्हर. पण “टाक अजून” असे म्हणणारा दुसराच असतो. कायद्याला हे ठाऊक आहे. जो गाडी चालवतो तो दोषी, तसाच जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही दोषी. गाडी मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने निघाली, असे न्यायालय धरून चालू शकते. म्हणून दंड ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा, हा न्याय नव्हे.

ड्रायव्हर भावांनो, एवढे करा. माल भरला की धर्मकाट्यावर वजन करा आणि पावती जपून ठेवा. वजन जास्त भरले तर ती पावतीच मालकापुढे धरा. “मालक, माझ्या तोंडाचे राहू द्या, काटा काय म्हणतो ते पाहा,” असे सांगा. वाटेत तपासणी झाली तर वाद घालू नका, पळू नका. वजनाचा आकडा स्वतः वाचा. पावतीशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. चलन चुकीचे वाटले तर न्यायालयात दाद मागता येते.

आणि शेतकरी भावांनो, ट्रक भरताना तुम्हीही उभे असता. माल तुमचा, रस्ताही तुमचाच. एक खेप वाढली तर भाडे थोडे जास्त पडेल. पण पुढच्या साली धान न्यायला रस्ता शिल्लक राहील.

आता तुम्हाला अक्षरे आली आहेत, आकडे आले आहेत. पुस्तकातला आकडा वाचा, काट्याचा आकडा वाचा, पुलाची पाटी वाचा. मालक “तेवढ्यानं काय होते?” म्हणाला, की त्याला उत्तर द्यायला तीन आकडे पुरेत.