विश्लेषण : महासंगणक दाराशी, तरी ‘जीएमआरटी’ला शांतता का हवी?

निरगुडसरसह आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील गावांना पुणे-नाशिक रेल्वेची अनेक वर्षे प्रतीक्षा आहे. राजगुरुनगर, मंचर, नारायणगावमार्गे जाणाऱ्या सुमारे २३५ किलोमीटरच्या मूळ आखणीत अडसर ठरली ती खोडदची रेडिओ दुर्बीण, म्हणजेच ‘जीएमआरटी’. तिथे आता महासंगणकही आहे. मग रेल्वेचा गोंगाट संगणकानेच का गाळू नये, असा प्रश्न परिसरात विचारला जातो.

दुर्बिणीत संगणक काय करतो?

प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने खोडदला येतात. तिथे ते जुळवून ३० अँटेनांची मिळून एकच मोठी दुर्बीण तयार करण्याचे काम संगणक करतो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो. प्रत्येक अँटेनाकडून दोन संकेत येतात. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर प्रत्येक संकेताची सेकंदाला ८० कोटी मोजमापे घ्यावी लागतात. म्हणजे एका सेकंदात ४,८०० कोटी आकडे! त्यासाठी व्हिडिओ गेमसाठी जन्मलेल्या आणि आज जगभर ‘एआय’चा कणा ठरलेल्या ‘जीपीयू’ चिप वापरल्या जातात.

‘परम रुद्र’ कशासाठी?

राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. तिन्हींचा खर्च सुमारे १३० कोटी रुपये. दिल्ली आणि कोलकात्याबरोबर त्यातील एक ‘जीएमआरटी’ला मिळाला. त्याचे मुख्य काम म्हणजे ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ शोधणे. दूरच्या दीर्घिकांतून येणारे हे रेडिओ स्फोट काही मिलिसेकंदांत संपतात. आकड्यांचा एवढा लोंढा कायमचा साठवून ठेवणे परवडत नाही. त्यामुळे स्फोट झाल्या झाल्या तो ओळखून तेवढीच माहिती राखावी लागते. म्हणूनच महासंगणक दुर्बिणीच्या शेजारी लागतो.

गोंगाट गाळता येत नाही का?

काही प्रमाणात येतो. वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांमुळे येणारे क्षणिक झटके ओळखून ते तत्काळ काढून टाकणारी यंत्रणा ‘जीएमआरटी’त आहे. खऱ्या स्फोटाची एक खूणही असते. अवकाशातील इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्या कमी वारंवारितेच्या लहरी उशिरा पोहोचतात. जवळच्या ठिणगीच्या सर्व लहरी मात्र एकदमच येतात. हा फरक संगणकाला कळतो.

मात्र गाळणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे. बिघडलेला आकडा टाकला की त्या क्षणाची आकाशातील माहितीही जाते. झटके अधूनमधून असतील तर हे नुकसान सोसते. ते सतत येऊ लागले तर हाती फारसे काही उरत नाही. त्यातही गोंगाट फार तीव्र असेल तर संकेताचे आकड्यांत रूपांतर होण्यापूर्वीच रिसीव्हर भारावून जातो. संगणकापर्यंत मग बिघडलेलेच पोहोचते. महासंगणक कितीही मोठा असला तरी जे टिपलेच गेले नाही, ते तो परत आणू शकत नाही.

रेल्वेचा त्रास नेमका कोणता?

विजेवर धावणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात. त्यातून अनेक वारंवारितांवर रेडिओ लहरी पसरतात. त्यात गाडीतील व नियंत्रण यंत्रणेतील संपर्काची भर पडते. आकाशातून येणारे संकेत किती क्षीण असतात? चंद्रावर एक मोबाइल सुरू ठेवला, तर तो पृथ्वीवरील दुर्बिणींना आकाशातील सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल! शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची ही जागा डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली, ती याचसाठी.

मग गावांनी काय करायचे?

दुर्बिणीचे मोल मोठे आहे. गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी गुंजनाचे पुरावे जून २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यात ‘जीएमआरटी’च्या निरीक्षणांचा वाटा होता. पण नारायणगावचा टोमॅटो, मंचरच्या बाजारात येणारा कांदा-बटाटा आणि चाकणला रोज कामाला जाणारे तरुण यांचा प्रश्नही तेवढाच खरा आहे. शांततेची किंमत एकट्या आंबेगाव-जुन्नरने का मोजावी, हा सवाल अनाठायी नाही.

त्याचे उत्तर महासंगणकात नाही, मोजमापात आहे. मार्ग दुर्बिणीपासून किती दूर असावा, मध्ये डोंगर आल्यास गोंगाट किती घटतो, ठिणग्या कमी करणारी यंत्रणा कितपत पुरते, याचे आकडे काढता येतात. ते मराठीत आणि गावसभेत मांडले गेले, तर मार्ग कुठूनही गेला तरी निर्णयामागचे कारण लोकांना पडताळून पाहता येईल.